आंब्यावरची रास्ना : एका आमरीचा पाठ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि मृग कोरडाच चालला होता. पावसाळ्याच्या तोंडावर वसतिगृहातील मुले एक रविवार श्रमदानासाठी राखून ठेवतात, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. त्या रविवारी विहिरीकाठच्या एका जुन्या आंब्याची पाळी होती. त्या झाडाला बांडगुळांनी वेढले होते, शेंड्याकडच्या फांद्या वाळत चालल्या होत्या. मोठी मुले कोयते घेऊन वर चढली आणि बांडगुळे एकेक करून खाली पडू लागली. त्यांच्याबरोबर आणखीही काही खाली आले. जाड, पांढरट मुळ्यांची, चामड्यासारख्या चिवट पानांची चार-पाच रोपे. ती हातात घेऊन एका मुलाने विचारले, तेव्हा आम्ही वर न पाहताच उत्तर दिले, "तेही बांडगूळच. टाका उकिरड्यावर."

सातवीतील एक मुलगी पालापाचोळा गोळा करीत होती. तिने दोन्ही प्रकारची रोपे शेजारी-शेजारी ठेवली, थोडा वेळ पाहिली आणि म्हणाली, "सर, बांडगूळ तोडलं तर फांदीचं लाकूड सोबत आलं. हे मात्र नुसतं सालीवरून सुटलं. ह्याची मुळं झाडात शिरलीच नाहीत. मग हे झाडाचं खातं कसं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. विज्ञान शिकविणाऱ्या आम्ही ऐकीव गोष्ट सांगितली होती आणि त्या मुलीने पाहिलेली गोष्ट सांगितली होती. उकिरड्यावर गेलेली रोपे आम्ही परत आणविली. त्यांतील तीन तगली, तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांतल्या एकीला फुले आली आणि मग ओळख पटण्यास अडचण उरली नाही. ती रास्ना होती. शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. आमरी कुलातील, म्हणजे ज्यांना आपण ऑर्किड म्हणतो त्यांतील, ही एक रानटी जाती. स्मरणिकेच्या निमित्ताने तिची ओळख आपणा सर्वांस करून द्यावी, आणि त्या दिवशी आमच्या हातून झालेली चूकही मोकळेपणाने नोंदवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

कोरड्या मुलखातील आमरी

ऑर्किड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धुक्यातली जंगले येतात. आंबोली, महाबळेश्वर, नाहीतर ईशान्येकडील डोंगराळ राज्ये. त्यात तथ्यही आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथानुसार भारतात ऑर्किडच्या १,२५६ जाती आहेत, आणि त्यांतील फार मोठा वाटा हिमालय व ईशान्य भारताचा आहे. एकूण जातींपैकी ७५७, म्हणजे निम्म्याहून अधिक, झाडांवर वाढणाऱ्या आहेत. दमट हवेत झाडावर राहणे सोपे जाते, हे उघड आहे.

आपला मोरगाव-सुप्याचा मुलूख याच्या अगदी उलट. सह्याद्रीने पाऊस अडविलेला हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठी साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. कऱ्हेचे पात्र वर्षातले अनेक महिने कोरडे. बाभूळ, बोर, हिवर आणि गवताळ माळ. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारा याच माळावर जगतात. अशा मुलखात झाडाच्या फांदीवर, मातीचा स्पर्शही न होता एखादी वनस्पती जगू शकेल, असे कोणास वाटणार नाही. परंतु रास्ना ही मुळात कोरड्या, पानगळीच्या रानांची आणि मैदानी भागांतील जुन्या झाडांचीच रहिवासी आहे. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश व म्यानमार या देशांत ती आढळते. दुष्काळ हा तिच्यासाठी अपवाद नाही, तिच्या शरीराची घडणच त्याला धरून झालेली आहे. ती कशी, हे पाहण्यापूर्वी तिच्या नावाचा घोटाळा सोडविणे आवश्यक आहे.

नावात दडलेली चूक

या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींविषयीच्या आपल्या ग्रंथात केले. त्यांनी तिला 'एपिडेंड्रम टेसेलाटम' असे नाव दिले. एपिडेंड्रम या ग्रीक शब्दाचा अर्थ एवढाच की 'झाडावरचे'. टेसेलाटम म्हणजे लहान चौकोनी फरशांची नक्षी असलेले. हे विशेषण फुलाच्या पाकळ्यांवरील जाळीवरून आले. पुढे १८२० साली रॉबर्ट ब्राउन यांनी या वनस्पतीसाठी 'व्हँडा' ही नवी प्रजाती स्थापन केली. व्हँडा हा शब्द ग्रीक नव्हे आणि लॅटिनही नव्हे. तो संस्कृतातील 'वन्दा' होय. विल्यम जोन्स यांनी तो आपल्या लेखनात नोंदविला होता. आज जगभरच्या रोपवाटिकांत, थायलंडपासून अमेरिकेपर्यंत, ज्या ऑर्किडना व्हँडा म्हणतात, त्या साऱ्यांना हे भारतीय नाव मिळाले आहे.

आता हा 'वन्दा' शब्द काय सांगतो? अमरकोशात वन्दा या शब्दाच्या जोडीला 'वृक्षादनी' आणि 'वृक्षरुहा' हे पर्याय दिलेले आहेत. वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी. वृक्षादनी म्हणजे वृक्षाला खाणारी. झाडावर राहणे आणि झाडाला खाणे या दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच शब्दाखाली एकत्र आल्या. कोशकार अमरसिंह हे परंपरेने बौद्ध मानले जातात, म्हणून आम्हांस त्यांच्याविषयी विशेष आदर आहे. आणि कोशकाराचे काम लोकांत रूढ असलेले शब्द नोंदविण्याचे असते, हेही आम्ही जाणतो. दोष कोशाचा नाही. दोष, वर पाहून खाली बोट दाखविणाऱ्या आपल्या सवयीचा आहे. विहिरीकाठी आम्ही जे उत्तर दिले, ते शेकडो वर्षांच्या याच सवयीचे उत्तर होते.

बांडगूळ आणि रास्ना : तीन कसोट्या

बांडगूळ ही हिरवी पाने असलेली परजीवी वनस्पती आहे. आंब्यावर सर्रास दिसणाऱ्या बांडगुळाचे शास्त्रीय नाव डेंड्रोफ्थी फाल्काटा. तिची फळे फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी खातो. फळातला चिकट गर बीला धरूनच राहतो, त्यामुळे पक्ष्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेले बी फांदीला चिकटून बसते. तेथे ते रुजते, पण त्याला मातीतल्यासारखे मूळ फुटत नाही. फुटते ते शोषक मूळ. ते साल भेदून लाकडापर्यंत पोहोचते आणि झाड मुळांवाटे वर नेत असलेले पाणी व क्षार मध्येच उचलते. आपले अन्न बांडगूळ काही अंशी स्वतःच्या पानांत तयार करते; परंतु त्यासाठी लागणारे पाणी सर्वस्वी झाडाचे असते. शेतकरी आंब्यावरील बांडगुळे काढतात ते योग्यच आहे.

रास्ना यांतले काहीही करीत नाही. तिला वनस्पतिशास्त्रात अपिवनस्पती म्हणतात. दोहोंतील भेद लहान मुलालाही ओळखता यावा, म्हणून आम्ही वर्गात तीन कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी जोडाची. बांडगूळ जेथे फांदीला जडलेले असते तेथे गाठीसारखी सूज दिसते, आणि दोन्हींची लाकडे एकमेकांत मिसळलेली असतात. रास्नेची मुळे सालीवर पसरलेली, सालीला घट्ट चिकटलेली असतात. पण नखाने हळूच उचलली तर साल खाली अखंड दिसते.

दुसरी कसोटी मुळांची. बांडगुळाची हवेत लोंबणारी मुळे नसतात. रास्नेची मुळे करंगळीच्या निम्म्या जाडीची, रुपेरी पांढरी आणि अनेकदा मोकळी लोंबणारी असतात.

तिसरी कसोटी फांदीची. बांडगुळाच्या पलीकडची फांदी खंगत जाते, पाने लहान होतात, शेंडा वाळतो. रास्ना बसलेल्या फांदीची पालवी पलीकडेही तशीच ताजी असते. वाळलेल्या फांदीवर रास्ना दिसली, तर ती फांदी तिच्यामुळे वाळली असे समजू नये. दुसरे कारण शोधावे. त्या दिवशी आमच्या आंब्यावर ते कारण शेजारीच लटकत होते.

मूळ : पाण्याची वाट पाहणारा अवयव

झाडाचे काहीच घ्यायचे नाही, आणि मातीशीही संबंध नाही, तर मग रास्ना पाणी कोठून घेते? याचे उत्तर तिच्या पांढऱ्या मुळात आहे. मुळाच्या बाहेरच्या बाजूस मृत पेशींचे अनेक थरांचे स्पंजासारखे आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना या पेशींत हवा भरलेली असते म्हणून मूळ पांढरे दिसते. पावसाचे चार थेंब पडले की व्हेलामेन ते पाहता पाहता शोषून घेते, पारदर्शक होते आणि आतल्या पेशींतील हरितद्रव्य दिसू लागते. मूळ हिरवे होते! हा प्रयोग वर्गात एका वाटीभर पाण्यात करता येतो, आणि तो पाहून मुलांच्या चेहऱ्यांवर जे दिसते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने साध्य होत नाही. हे शोषलेले पाणी नंतर सावकाश आतल्या जिवंत पेशींकडे जाते. पावसाच्या पहिल्या ओघळांबरोबर सालीवरची धूळ आणि पाचोळ्याचे कण वाहत येतात; त्यांत विरघळलेले क्षार हेच तिचे खत. मुळांत हरितद्रव्य असल्यामुळे मुळेही थोडे अन्न तयार करतात.

पाणी मिळविण्याइतकेच ते राखणे महत्त्वाचे. रास्नेचे खोड एकाच शेंड्याने वर वाढत जाते. साधारण एक ते दोन फूट उंचीचे हे खोड दोन्ही बाजूंना ओळीने लागलेल्या पानांनी झाकलेले असते. पान वीतभर लांब, पट्ट्यासारखे अरुंद, जाड, आणि मधोमध पन्हाळीसारखे दुमडलेले. त्या पन्हाळीतून थेंब खोडाकडे आणि मुळांकडे ओघळतात. पानाचे टोक कुणी दातांनी कुरतडल्यासारखे वेडेवाकडे असते. फुले नसताना ओळख पटविण्यास ही खूण उपयोगी पडते.

या पानांची आणखी एक रीत विशेष आहे. आपल्या शेतातील बहुतेक पिके दिवसा पर्णरंध्रे उघडतात, हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आणि त्याच वेळी पुष्कळ पाणी वाफेच्या रूपाने गमावतात. व्हँडा प्रजातीतील वनस्पती उन्हाच्या वेळी पर्णरंध्रे मिटून ठेवतात. ती रात्री उघडतात, जेव्हा हवा थंड असते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पेशींत साठवून ठेवला जातो, आणि सूर्य उगवल्यावर, दारे बंद करून, त्यापासून अन्न तयार होते. निवडुंग आणि घायपात याच मार्गाने जगतात. म्हणजे रास्ना सावलीतली नाजूक शोभिवंत वनस्पती नसून स्वभावाने माळावरच्या निवडुंगाच्या जवळची आहे. झाडाकडून तिने घेतले ते उंचीवरचा थोडा उजेड, थोडी सावली आणि पाय टेकण्यापुरती जागा. अन्न तिचे तिने शिजविले.

फूल

उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या आरंभी पानांच्या बगलेतून वीतभर लांबीचा दांडा निघतो आणि त्यावर पाच ते दहा फुले येतात. फूल सुमारे दीड ते दोन इंच रुंदीचे, सुगंधी, आणि बराच काळ टिकणारे. तीन संदले व दोन पाकळ्या दिसायला जवळजवळ सारख्याच असतात. हिरवट पिवळ्या रंगावर तपकिरी रेषांची जाळी, मागची बाजू पांढरी. रॉक्सबर्ग यांना फरशीची नक्षी दिसली ती हीच. तिसरी पाकळी मात्र वेगळी. तिला ओष्ठ म्हणतात. ती जांभळट निळी, मांसल, आणि मागे लहान शंकूसारखी शुंडिका असलेली. कीटकाला उतरण्यासाठी केलेला हा जणू ओटाच. कळी उमलताना फुलाचा देठासारखा दिसणारा भाग, जो प्रत्यक्षात बीजकोश असतो, स्वतःभोवती अर्धा वळसा घेतो. त्यामुळे मुळात वरच्या बाजूस असलेला ओष्ठ खाली येतो. कळी आणि उमललेले फूल शेजारी ठेवून पाहिले, तर हा पीळ भिंगाशिवायही दिसतो.

इतर फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर वेगवेगळे असतात. आमरी कुलात ते एकत्र येऊन मधोमध एक आखूड स्तंभ झालेला असतो. स्तंभाच्या टोकाशी टोपणाखाली परागाच्या दोन चिमुकल्या पिवळ्या गोळ्या असतात, त्यांना परागपुंज म्हणतात. त्या एका पट्टीने चिकट चकतीला जोडलेल्या असतात. कीटक फुलात डोके घालून मागे फिरला की चकती त्याच्या अंगाला चिकटते आणि दोन्ही गोळ्या त्याच्याबरोबर जातात. पुढच्या फुलात त्या योग्य जागी लागल्या तर बीजधारणा. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ साली आमरींच्या परागीभवनावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. टोकदार पेन्सिल फुलात घालून परागपुंज बाहेर काढण्याचा त्यांचा प्रयोग आजही मुलांना करता येतो. आमच्या मुलांनी काडीच्या टोकावर त्या दोन पिवळ्या गोळ्या पाहिल्या तेव्हा वर्गात काही क्षण कुणीच बोलले नव्हते.

या व्यवहारात धोका मोठा आहे. सारे पराग दोनच गोळ्यांत. कीटक वाट चुकला तर सारे व्यर्थ. म्हणून पुष्कळ फुले फळाविना गळून पडतात. परंतु एकदा साधले, तर एका बोंडातील हजारो अंडी एकाच भेटीत फलित होतात.

बी आणि न दिसणारा आधार

फलित झालेल्या फुलाच्या जागी दोन-तीन इंच लांबीचे, कडांवर धारा असलेले बोंड धरते. ते पिकावयास कित्येक महिने लागतात. तडकल्यावर आतून जे बाहेर पडते त्याला बी म्हणावे की धूळ, असा प्रश्न पडतो. आमरींच्या एका बोंडात हजारोंपासून लाखोंपर्यंत बिया असतात. वाऱ्याबरोबर त्या दूरवर जातात.

एवढे बी पडूनही रास्ना दुर्मीळ का? ज्वारीच्या दाण्यात अंकुराबरोबर त्याची शिदोरीही असते. त्या पिठावर कोंब माती फोडून वर येतो. आमरीच्या बीत शिदोरीच नसते. मूठभर पेशींचा गर्भ आणि भोवती पातळ पापुद्रा, बस्स. असे बी स्वतःच्या बळावर रुजू शकत नाही. ते सालीवरच्या अशा एखाद्या चिरेत पडावे लागते, जेथे विशिष्ट सूक्ष्म बुरशी आधीपासून आहे. बुरशीचे तंतू बीत शिरतात, आणि त्यांच्यातील अन्न घेऊन गर्भ वाढू लागतो. प्रथम टाचणीच्या डोक्याएवढा हिरवट गोळा, मग पहिले पान, मग पहिले मूळ. फूल येण्यास आणखी काही वर्षे जातात.

हे रहस्य नोएल बर्नार्ड या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली उलगडले. त्याआधी युरोपातील बागाईतदार दशकानुदशके ऑर्किडचे बी पेरीत आणि निराश होत. पुढे १९२२ साली अमेरिकेत लुईस नुडसन यांनी दाखविले की बुरशी जे पुरविते ते, म्हणजे साखर व क्षार, बाटलीतल्या जेलीवर पुरविले तर बी बुरशीविना रुजते. आज बाजारात मिळणारी ऑर्किडची असंख्य रोपे या शोधामुळे प्रयोगशाळेतून येतात. रानातून एकही रोप ओरबाडण्याचे कारण उरलेले नाही.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. लोक रास्नेकडे पाहून म्हणतात, ती आंब्याचे खाते. आंब्याचे तिने काहीच खाल्ले नाही. परंतु कोणाचेच खाल्ले नाही, असेही नाही. बालपणी तिने खाल्ले ते बुरशीचे, जी डोळ्यांना दिसत नाही आणि जिचे नाव कोणी घेत नाही. जो आरोप झाला तो खोटा, आणि जे ऋण खरे होते ते अदृश्य. बी, वारा, सालीची चीर, बुरशी, कीटक, पाऊस, यांतील एक जरी कमी पडले तरी फूल नाही. ज्याला आपण प्रतीत्यसमुत्पाद म्हणतो, त्याचे याहून साधे उदाहरण आम्हांस मुलांपुढे ठेवता आलेले नाही.

औषधाच्या नावाखाली

रास्ना या नावानेही घोटाळा केलेला आहे. आयुर्वेदात सांधेदुखीवर सांगितलेली रास्ना कोणती, यावर प्रांताप्रांतांत मतभेद आहेत. उत्तर भारतात प्लुचिया लॅन्सिओलाटा हे छोटे झुडूप रास्ना म्हणून वापरतात, आणि आयुर्वेदाच्या अधिकृत औषधिकोशातही तेच मान्य केलेले आहे. दक्षिणेत कुलिंजनाची मुळे वापरात आहेत, तर बंगालकडे व अन्यत्र या आमरीची मुळे. एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या वनस्पती. सांधेदुखीच्या काढ्यासाठी झाडावरची आमरी उपटून आणणाऱ्यांस आमची विनंती आहे की त्यांनी वैद्यांना विचारावे. शेतात वाढविता येणारी वनस्पती असताना, वाढण्यास वर्षे घेणारी रानातील रोपे संपविण्याचे कारण नाही.

सर्व ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारान्वये नियंत्रण आहे, आणि भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. परंतु आपल्या भागात रास्नेला खरा धोका व्यापाराचा नसून जुन्या झाडांच्या तोडीचा आहे. खडबडीत साल, सालीत बुरशी, आणि अनेक वर्षांचे स्थैर्य, हे सारे जुन्या आंब्या-चिंचेवरच मिळते. रस्ता रुंद करताना एक म्हातारे झाड पडते तेव्हा त्याच्या बदल्यात दहा रोपे लावता येतात. त्या झाडावरची वस्ती मात्र लावता येत नाही.

आपण काय करावे

झाड तोडलेच गेले असेल, फांदी वादळात पडली असेल, तर तिच्यावरील रास्ना वाचविता येते. मुळे शक्य तितकी अखंड ठेवून रोप सालीच्या तुकड्यासह काढावे. खडबडीत सालीच्या झाडाच्या पूर्वेकडील बाजूस, कोवळे ऊन मिळेल असे, काथ्याने किंवा सुती चिंधीने बांधावे. मातीत कदापि पुरू नये; मुळांना हवा न मिळाल्याने ती कुजतात. सकाळी मुळांवर पाणी शिंपडावे, दुपारपर्यंत ती कोरडी व्हावीत. एका पावसाळ्यात नवी मुळे झाडाला धरतात. आमची तीन रोपे याच रीतीने तगली. उभ्या झाडावरील रोप मात्र, ते कितीही देखणे असले तरी, काढू नये.

दुसरे काम नोंदीचे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. आपले माजी विद्यार्थी आज अनेक गावांत शिक्षक, ग्रामसेवक, ग्रामपंचायत सदस्य आहेत. आपल्या गावातील जुनी झाडे आणि त्यांवर राहणारे जीव त्या नोंदवहीत आले आहेत की नाहीत, हे त्यांनी पाहावे. ज्याची नोंद नाही त्याची दखल नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

अखेरीस

हा लेख वनस्पतिशास्त्राचा आहे, आणि तो तसाच राहावा अशी आमची इच्छा होती. परंतु ज्या मुलीने आमची चूक दाखविली, तिने नंतर आणखी एक गोष्ट सांगितली, ती नोंदविल्याशिवाय लेख पुरा होत नाही. ती म्हणाली, "गावाकडं आम्हाला पण म्हणतात ना सर, सरकारी बांडगुळं. वसतिगृहात फुकट खातात म्हणून."

आपल्यापैकी अनेकांनी हा शब्द ऐकला असेल. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हापासून वसतिगृहात शिकलेल्या कितीतरी पिढ्यांनी ऐकला असेल. त्यावर रास्नेचे उत्तर पुरेसे आहे. जागा मिळाली, थोडा उजेड मिळाला. अन्न ज्याने त्याने आपल्या पानांत, आपल्या कष्टांनी तयार केले. त्यात लाजावे असे काही नाही.

मात्र उत्तराचा दुसरा अर्धा भागही तितकाच खरा आहे. आपल्या बीतही शिदोरी नव्हती. आपल्याला रुजविले ते न दिसणाऱ्या हातांनी. पहाटे अंधारात भाकरीचे पीठ मळणाऱ्या मावशींनी, मजुरीतून मुलाच्या वह्यांचे पैसे बाजूला काढणाऱ्या आईने, गावोगाव फिरून शाळेसाठी मूठ मूठ धान्य गोळा करणाऱ्यांनी. लोक ज्याचे ऋण आपल्यावर आहे म्हणून बोट दाखवितात ते बहुधा खरे ऋण नसते. खरे ऋण कोणाचे, हे आपल्यालाच शोधून काढावे लागते, आणि ते फेडणे हे आपले कर्तव्य ठरते.

कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या लोकांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका असे सांगितले. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, तो याच अर्थाने. विहिरीकाठचा आंबा आज हिरवागार आहे, बांडगुळे गेली आहेत, आणि पूर्वेकडच्या फांदीवर ती तीन रोपे आहेत. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी शाळेत आल्यावर त्या झाडाखाली जरूर यावे. पावसाची एखादी सर येऊन गेली असेल, तर पांढरी मुळे हिरवी झालेली दिसतील. आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये. स्वतः वर पाहावे.

सर्वांचे मंगल होवो.